कादंबरी आधी आखावी की लिहिता लिहिता सापडू द्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवली ते सीएसएमटी जाता-येता तुम्ही मोबाइलवर कादंबरी लिहिताय. पहिली ऐंशी पानं सुचेल तशी लिहून झाली आणि गाडी अडली. ऑफिसातल्या एका वाचनवेड्या मित्राने सांगितलं, ‘आधी आराखडा कर, मग लिही.’ दिवाळीच्या सुट्टीत बसून तुम्ही चाळीस प्रकरणांचा आराखडा केलात. तेव्हापासून एक ओळ पुढे सरकलेली नाही. आता आराखडा फाडून टाकावा की दातओठ खाऊन त्याच्या बरहुकूम लिहावं, असं विचारताय.

कथानक तुम्ही कळवलंय ते असं: लालबागच्या चाळीतलं कुटुंब. वडील दिगंबर गिरणी कामगार, २००८ मध्ये गेले. थोरला विलास चाळीतल्या खोलीतच राहतो, धाकटा महेश विरारला, बहीण सुनंदा लग्न होऊन ठाण्यापलीकडे दिवा स्टेशनला. जून २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या ६,९२५ घरांची सोडत काढली, तिच्यात वडिलांच्या नावावर घर लागतं. विलास म्हणतो, आपण तर अर्जच केला नव्हता. इथे ऐंशी पानं संपतात.

कथानकात दम आहे. २२५ चौरस फुटांच्या घरापायी तीन भावंडं एकमेकांशी कशी वागतील, हे मला वाचायला आवडेल. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

तुम्ही आराखडा केलात याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती कशाचा केलात याला. जे घडून गेलंय ते तुम्ही मोकळं सोडलंय आणि जे अजून घडायचंय ते प्रकरणवार बांधून टाकलंय. मी नेमकं उलटं करते. कादंबरीच्या पहिल्या पानाआधी जे काही झालं, ते तारखेवार पक्कं करते. पहिल्या पानानंतर माणसं काय करतील, हे शक्य तितकं मोकळं ठेवते.

आधी घडून गेलेल्याचं बघू. तुम्ही ऐंशीव्या पानावर का अडलात? अर्ज कुणी केला, हे तुम्हालाच ठाऊक नाही. तुमच्या चाळीस ओळींतही ते कुठे नाही. प्रकरण २७ मध्ये ‘अर्जाचं रहस्य उलगडतं’ एवढंच लिहिलंय. काय उलगडतं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! वडील २००८ ला गेले, म्हणजे अर्ज वारसांपैकी कुणीतरी केला. अर्जासाठी गिरणीतल्या नोकरीचा पुरावा लागतो: तिकीट नंबर, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, असं काहीतरी. मग वडील गेल्यावर हे कागद कुणाकडे होते? ट्रंकेत होते तर ट्रंक कुठल्या घरी गेली? अर्ज केला त्याने वारस म्हणून तिघांची नावं टाकली की स्वतःचंच टाकलं? आणि घरात सांगितलं का नाही? लपवायचं म्हणून, की लागणार थोडंच आहे असं वाटलं म्हणून? या शेवटच्या दोन कारणांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकातून लबाड माणूस तयार होतो, दुसऱ्यातून आळशी. तुमची कादंबरी यातल्या कुठल्या माणसाची आहे, हे ठरल्याशिवाय एक्याऐंशीवं पान लिहिताच येणार नाही. मीही लिहू शकले नसते.

याच खात्यात वयं येतात. मी एका प्रकाशनासाठी हस्तलिखितं वाचते आणि माझं पहिलं काम कागदावर जन्मसालं मांडायचं. तुमचा विलास २०१२ मध्ये तेहतीस वर्षांचा आहे, म्हणजे जन्म १९७९ चा. गिरण्यांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला. तेव्हा विलास जेमतेम तीन वर्षांचा. तुमच्या बाराव्या पानावर तो वडिलांच्या खांद्यावर बसून मोर्चातल्या फलकावरची घोषणा वाचतो. तीन वर्षांचं पोर फलक वाचत नाही. विलासला चार-पाच वर्षांनी मोठा करा, किंवा ती आठवण त्याची नसून आईने शंभरदा सांगितल्यामुळे त्याची झालेली आहे, असं करा. मला दुसरं जास्त आवडेल. वडिलांबद्दलची पोराची सर्वात लाडकी आठवण उसनी निघते, हे पुढे कामाला येईल. बघा, जन्मसाल मांडायला बसलो आणि आयतं कथानक मिळालं.

संपाबद्दल आणखी एक. अडीच लाखांच्या आसपास कामगार, दत्ता सामंतांचं नेतृत्व, आणि संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. तुमच्या दिगंबरचा संप नक्की कधी संपला? तो परत कामावर गेला का? गेला तर शेजाऱ्यांच्या नजरेला नजर देऊ शकला का? घराच्या योजनेत १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर हजेरीपटावर असणं महत्त्वाचं होतं. म्हणजे त्याचं नाव पटावर होतं. पण चाळीतली माणसं पट बघत नाहीत, संपात कोण फुटला ते लक्षात ठेवतात. या एका गोष्टीवर तुम्ही अख्खं पान लिहून ठेवा. कादंबरीत त्यातल्या दोन ओळी आल्या तरी पुरे.

शहराची तारीखवहीसुद्धा अशीच आधी करून ठेवायची. व्हीटीचं छत्रपती शिवाजी टर्मिनस १९९६ मध्ये झालं, ‘महाराज’ त्यात २०१७ ला आलं. तुमच्या १९९० च्या प्रसंगात दिगंबर सीएसएमटीला उतरतो, ते बदला. शेवटाकडे तुम्ही चाळीचा पुनर्विकास आणणार आहात. मूळ घर सोसायटीचं असतं तर जुलै २०१९ च्या शासन निर्णयाआधी पुनर्विकासाला सभासदांच्या तीन-चतुर्थांश बहुमताची गोष्ट होती, नंतर ५१ टक्क्यांवर आली. पगडीच्या चाळीचे नियम आणखी वेगळे. विरोधात अडून बसलेल्या एका म्हाताऱ्याची किंमत या आकड्यावर ठरते. खलनायक कोण होणार हे कधी कधी शासन निर्णयच ठरवतो, त्यामुळे कोणत्या साली कोणता नियम होता हे लिहायला बसण्याआधी काढा.

आता दुसरी बाजू. तुमच्या आराखड्यातली चौदावी ओळ आहे: ‘विलास सुनंदाकडे जातो. ती रडते, पण ना-हरकतीच्या कागदावर सही करते.’ ही ओळ लिहिलीत तेव्हाच सुनंदा मेली. तिने काय करायचं हे तुम्हाला तिला भेटायच्या आधीच ठाऊक आहे, मग तो प्रसंग लिहायला हात कसा उचलणार? लिहिणाऱ्याला जिथे काही कळायचं उरत नाही, तिथे तो नुसता मजकूर भरतो. वाचकाला ते दुसऱ्या परिच्छेदात कळतं.

तोच प्रसंग शेवट न ठरवता लिहून बघू. एवढंच ठरवलंय की ईएसआयचं कार्ड महेशकडे आहे आणि अर्ज त्यानेच भरलाय. विलासला हे माहीत नाही, सुनंदालाही नाही.

विलास दुपारी दिव्याला उतरतो. मेव्हणा कामावर. सुनंदा खाली बसून गवार मोडतेय. विलास इकडचं तिकडचं बोलतो, मग पिशवीतून प्लॅस्टिकच्या फोल्डरमधला कागद काढतो. सुनंदा कागदाला हात लावत नाही.

‘वहिनीला माहितीये तू आलायस ते?’

विलास म्हणतो, सांगेन संध्याकाळी.

‘बरं. चहा ठेवते.’ ती उठते, ओट्याशी जाते आणि पाठमोरीच विचारते, ‘दादा, बाबांचं ईएसआयचं कार्ड कुठंय रे? दिवसकार्याला मी स्वतः ट्रंकेत ठेवलं होतं.’

झालं. सही गेली खड्ड्यात. ‘वहिनीला माहितीये का’ हे मी ठरवलं नव्हतं. बाई कागदाकडे न बघता पहिल्यांदा काय विचारेल, एवढाच विचार केला तर ते आलं. आणि ते कार्ड आधीपासून महेशकडे आहे हे पक्कं होतं म्हणूनच तिचा दुसरा प्रश्न थेट जाऊन लागला. कागदावर सही देणारी बाई शोध घेणारी बाई झाली. तुमची प्रकरणं १५ ते १९ यात वाहून जातील. खुशाल जाऊ द्या. सुनंदाला ओढून ताणून सहीपर्यंत आणू नका, आराखड्यातल्या त्या पाच ओळी खोडा.

सुचेल तसं लिहिणाऱ्यांना मी कायम हेच सांगते. मागचं पक्कं असेल तर पुढचं आपोआप सुचतं. मागचं मोकळं असेल तर ‘पात्रं मला कुठे घेऊन जातील बघू’ हे नुसतं बोलणं राहतं. पात्रं कुठेही नेत नाहीत, चहा पीत बसतात.

रशियन कादंबरीकार दोस्तोव्हस्कीचं उदाहरण या वादात नेहमी दिलं जातं: ऑक्टोबर १८६६ मध्ये त्याने ‘जुगारी’ ही कादंबरी लघुलेखिका अॅनाला २६ दिवसांत सांगून लिहवून घेतली. बघा, आराखड्याशिवाय! पण १८६३ सालच्या एका पत्रात त्याने या कथेची कल्पना तपशिलात मांडलेली होती, आणि रूलेटच्या टेबलाशी त्याचे स्वतःचे पैसे गेलेले होते. मागचं सगळं तयार होतं. २६ दिवसांत फक्त पुढचं लिहिलं.

मला स्वतःला इंग्रज कादंबरीकार डिकन्सच्या टिपणांनी जास्त शिकवलं. त्याच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने निघायच्या, महिन्याचा हप्ता ३२ पानांचा. छापून गेलेलं मागे घेता येत नसे. कारकिर्दीच्या मधल्या काळापासून तो दर हप्त्याला एका कागदाचे दोन भाग करी. उजवीकडे त्या हप्त्यातली प्रकरणं. डावीकडे स्वतःला विचारलेले प्रश्न: अमक्याला आणायचं का? हिचं काय करायचं? आणि पुढे उत्तरं: हो, नाही, आत्ता नको. हे ‘आत्ता नको’ मला फार मोलाचं वाटतं. आराखडा म्हणजे उत्तरांची यादी असा आपला समज असतो. डिकन्सचा डावा रकाना प्रश्नांची यादी आहे. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि त्यांच्या कितीतरी कादंबऱ्या त्यातून क्रमशः आल्या. काही शेवटपर्यंत अपुऱ्याच राहिल्या. दर आठवड्याला अंक काढायचा, त्यात हप्ता द्यायचा. या माणसाला चाळीस प्रकरणं आखत बसायला सवड कुठून मिळणार! तरी त्यांच्या चांगल्या कादंबऱ्यांतली घरं, नाती, कोण कुणाचं मिंधं आहे हे कधी डगमगत नाही.

तर तुमच्या वहीत (मोबाइलवर नको, कागदावर) मला एक तक्ता हवाय. उभे चार रकाने: विलास, महेश, सुनंदा, वाचक. आडव्या ओळींत गोष्टी: अर्ज कुणी भरला, कार्ड कुठे आहे, दिगंबर संपात परत कामावर गेला का, विलासवर कर्ज किती आहे. प्रत्येक चौकटीत पान क्रमांक, म्हणजे त्याला ते कितव्या पानावर कळतं. वाचकाचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नवे लेखक नेमका तोच विसरतात. महेशने अर्ज भरलाय हे वाचकाला साठाव्या पानावर कळलं आणि विलासला दोनशेव्या, तर मधला प्रत्येक फोन, गणपतीला एकत्र जमलेली प्रत्येक पंगत ताणलेली राहते. दोघांना एकदमच कळलं तर ती रहस्यकथा. दोन्ही चालतील, पण दोन वेगळ्या कादंबऱ्या आहेत. निवेदक कोण असावा हेही यावरच ठरतं: फक्त विलासच्या नजरेतून सांगायची तर वाचकाला पुढे नेताच येणार नाही. तुम्ही सध्या कधी विलासच्या डोक्यात असता, कधी सगळ्यांच्या वर. हा तक्ता केलात की ते आपसूक मिटेल.

निव्वळ रहस्यकथेला वेगळा हिशोब लागतो. तिथे गुन्हा पहिल्या पानाआधी झालेला असतो, म्हणजे जवळपास सगळंच घडून गेलेल्यात मोडतं. तिथे भरपूर आखा.

मोकळं लिहिण्याचा एक रोग मात्र मुंबईच्या हस्तलिखितांत इतक्यांदा दिसतो की सांगितल्यावाचून राहवत नाही. कथानक अडलं की पाऊस पडतो. २६ जुलै २००५, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आणि त्या पुरात नको असलेलं पात्र वाहून जातं, दुरावलेला नवरा पाण्यातून चालत घरी येतो, भाऊ भावाला खांद्यावर घेतो. पाऊस खरा होता, माणसं खरोखर गेली, म्हणूनच तो असा सोयीने वापरलेला बघवत नाही. त्याचा धाकटा भाऊ म्हणजे हार्ट अटॅक. योगायोगाने कथेत संकट आणावं, चालतं. संकट सोडवायला योगायोग आणला की वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. तुमच्या प्रकरण ३६ मध्ये विलासला अटॅक येतो आणि भावंडं हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये एक होतात. ती ओळ तेवढी आजच खोडा.

आराखड्याच्या बाजूने मला एक गोष्ट मनापासून म्हणायचीय आणि ती तुमच्या लोकलशी संबंधित आहे. तीन महिने रजा काढून सलग लिहिणाऱ्याच्या डोक्यात कादंबरी उघडीच असते. तुम्ही तासा-सव्वातासाच्या प्रवासात लिहिता, तेही बसायला मिळालं तर. मधे ऑफिस, घर, पोरांचा अभ्यास. काल कुठे होतो हे आठवण्यातच ठाणं येतं. त्यामुळे तुम्हाला नोंदी जास्त लागतील, पण त्या स्मरणासाठी. प्रकरण संपवून मोबाइल खिशात टाकू नका. प्रसंगाच्या मध्यात थांबा आणि खाली दोन ओळी टाका: खोलीत आत्ता कोण आहे, कुणाच्या हातात काय आहे, पुढचं वाक्य कोण बोलणार. बोलणार काय ते लिहू नका. संध्याकाळच्या गाडीत तेच लिहायला घ्या.

पहिला खर्डा संपला की मग खरा आराखडा करायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळलं की कादंबरी फसते. लिहून झालेल्या प्रत्येक प्रकरणाची एक ओळ लिहा, पण काय घडलं याची नव्हे. प्रकरणाच्या सुरुवातीला जे होतं त्यातलं शेवटी काय बदललं, एवढंच. कुणाला काय कळलं, कुणी कुणाचा हात सोडला, पैसे कुठून कुठे गेले. ज्या प्रकरणापुढे लिहायला काही सापडत नाही, ते काढा किंवा शेजारच्यात मिसळा. मधल्या शंभर पानांत अशी प्रकरणं हमखास निघतात: गावची जत्रा, कॉलेजातलं जुनं प्रेम, टेकडीवरचा सूर्यास्त. छान लिहिलेली असतात म्हणून काढवत नाहीत. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, कथा म्हणून दिवाळी अंकाला पाठवता येतील. मी पाठवल्या आहेत.

शेवट आधी माहीत असावा का, हा तुमचा उपप्रश्न. प्रसंग माहीत असायची गरज नाही. या घरापायी कोण काय गमावणार, एवढं मात्र लिहायला घेतानाच मला ठाऊक लागतं. विलास भाऊ गमावणार की बापाबद्दलचा अभिमान? दोन्ही गमावणार असेल तर आधी कुठला? घर शेवटी कुणाच्या नावावर होतं हे त्यानंतर ठरवलंत तरी चालेल. कदाचित ते तितकंसं महत्त्वाचं उरणारही नाही.

आता चाळीस प्रकरणांच्या कागदाचं काय करायचं. फाडू नका. पेन घेऊन बसा आणि ज्या ज्या ओळी मागच्या गोष्टी सांगतात (दिगंबरने ट्रंक कुणाला दिली, सुनंदाच्या लग्नाचा खर्च कुणी केला) त्या तारीखवहीत उतरवून घ्या. माझ्या अंदाजाने अशा आठ-दहा निघतील. उरलेल्या प्रत्येक ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाका. ‘सुनंदा सही करते’ याचं ‘सुनंदा सही करते?’ करा. मग विलासला दिव्याला पाठवण्याआधी एक प्रसंग लिहा, जो तुमच्या आराखड्यात नाहीच: सोडतीची यादी लागल्याच्या रात्री महेश विरारच्या घरी बायकोला काय सांगतो. कादंबरीत तो ठेवायचा की नाही ते नंतर बघू, पण महेश लबाड आहे की आळशी, ते तुम्हाला त्या चार पानांत कळेल.